फोंड्याच्या छावणीतील पोर्तुगीज युद्धकैदी आणि त्यांचा मायदेश (१९६१-१९७४)

१४ डिसेंबर १९६१ रोजी लिस्बनहून गोव्याचे गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियो व्हासालो इ सिल्व्हा यांना पंतप्रधान सालाझार यांची एक तार आली. तिचा आशय असा होता की, सर्वस्वाचा होम करावा लागेल ही कल्पना भयंकर असली, तरी राष्ट्राच्या परंपरेला साजेसा तोच एक मार्ग आहे. तहाची अपेक्षा धरू नये. पोर्तुगीज कैदी ही गोष्टच संभवत नाही. सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील किंवा मरतील. निदान आठ दिवस तरी तग धरावा, म्हणजे तेवढ्या अवधीत जगातील राष्ट्रांना हस्तक्षेप करता येईल, असा हिशेबही त्यामागे होता.

ही तार लष्करी आज्ञा म्हणून वाचली तर तीत काही नवे नाही. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असे हुकूम अनेक सेनापतींनी दिलेले आहेत. लक्षात घेण्याजोगी आहे ती तिच्यातील गृहीत गोष्ट. कैदी होणे हा युद्धाचा एक संभवनीय शेवट आहे हेच तिने नाकारले होते. त्यानंतर पाच दिवसांनी सुमारे साडेचार हजार माणसे भारतीय सैन्याच्या ताब्यात आली. ज्यांचे अस्तित्वच मान्य नव्हते अशा या माणसांचे पुढे काय झाले, हा गोवामुक्तीच्या इतिहासातील काहीसा दुर्लक्षित भाग आहे. मराठी लेखनात सत्याग्रह, आझाद गोमंतक दल, 'ऑपरेशन विजय' यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. लढाई संपल्यानंतर फोंड्याच्या तारेच्या कुंपणाआड पाच महिने काढणाऱ्या माणसांकडे मात्र फारसे कोणी वळलेले नाही. ते साहजिकही आहे, कारण ती माणसे हरलेल्या बाजूची होती.

गोव्यातील पोर्तुगीज सैन्याची स्थिती आधी पाहिली पाहिजे. १९५०च्या दशकाच्या मध्यात येथे जी फौज होती तिच्या निम्म्याहून कमी १९६१ साली उरली होती. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत अंगोलात उठाव सुरू झाला आणि लिस्बनचे सारे लक्ष आफ्रिकेकडे लागले. उरलेल्या साडेतीन हजारांच्या आसपास सैनिकांपैकी बहुतेक जण सक्तीच्या लष्करी सेवेसाठी उचललेली खेड्यापाड्यांतील तरुण मुले होती. त्यांच्याजवळ रणगाडे नव्हते, लढाऊ विमाने नव्हती, विमानविरोधी तोफा नावालाच होत्या. आरमार म्हणाल तर 'आफोन्सो द आल्बुकेर्क' ही १९३०च्या दशकातील एक जुनी युद्धनौका आणि तीन लहान गस्ती नौका. रणगाडाविरोधी दारूगोळ्याला बिनतारी संदेशात 'चोरिस' हे सांकेतिक नाव ठेवले होते आणि मागणी केल्यावर लिस्बनहून विमानाने खरोखरच चोरिस, म्हणजे मसालेदार सॉसेज, आले, असा एक किस्सा पोर्तुगीज सैनिक पुढे सांगत. तो शब्दशः खरा असो वा नसो, त्या फौजेला आपल्या राजधानीबद्दल काय वाटत होते ते त्यातून कळते.

व्हासालो इ सिल्व्हा हे मूळचे लष्करी अभियंते. १९५८ पासून ते गव्हर्नर होते आणि रस्ते, इमारती यांच्या कामात त्यांचे मन अधिक रमे. सालाझार राजवटीच्या कडव्या विरोधक, लेखिका मारिया लामास या त्यांच्या सख्ख्या भगिनी होत, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. त्या अनेकदा तुरुंगात गेल्या होत्या. भाऊ मात्र राजवटीचा निष्ठावंत सेवक होता. तरीही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 'इंडिया' नावाची प्रवासी बोट तिमोरहून परतताना मुरगावला थांबली तेव्हा, कोणालाही चढू देऊ नये असा लिस्बनचा आदेश असूनही, त्यांनी सुमारे सातशे पोर्तुगीज नागरिकांना, त्यांत बायकामुलेच अधिक, तिच्यातून रवाना केले. बोटीची क्षमता चारशेही नव्हती. त्यांची पहिली आज्ञाभंगाची कृती ही.

१७ डिसेंबरच्या रात्री बेळगावच्या बाजूला जमलेली भारतीय सेनेची सतरावी डिव्हिजन मेजर जनरल कँडेथ यांच्या नेतृत्वाखाली सरहद्दीवर सरकली. १८ तारखेच्या सकाळी दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त झाले. 'आफोन्सो द आल्बुकेर्क'ने मुरगावच्या तोंडाशी भारतीय फ्रिगेटांशी गोळागोळी केली. कप्तान आरागाव जखमी झाले आणि नौका किनाऱ्याला लावावी लागली. १९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत उरलेली मुख्य फौज, दोन हजारांहून अधिक माणसे, वास्कोच्या तोंडाशी आल्पार्केइरोस येथील लष्करी ठाण्यात कोंडली गेली होती. मागे समुद्र आणि तोही भारतीय आरमाराच्या ताब्यात. रात्री साडेआठ वाजता गव्हर्नरांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा शेवट छत्तीस तासांच्या आसपास उरकला. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३०च्या आसपास लोक कामी आले.

या आकड्यांवरूनच पुढचा सारा वाद उभा राहिला. सालाझार यांच्या दृष्टीने तीस हा आकडा फार लहान होता.

बांबोळीचे केंद्र बंद पडल्यामुळे लिस्बनला गोव्यात काय चालले आहे ते कळत नव्हते आणि ही पोकळी तेथील वृत्तपत्रांनी कल्पनेने भरून काढली. हातघाईची लढाई चालू आहे, शेकडो वीर धारातीर्थी पडत आहेत, अशा बातम्या छापून आल्या. नाताळचे सोहळे आटोपशीर झाले. लिस्बनमध्ये हजारो लोकांचा मूक मोर्चा निघून कॅथेड्रलपर्यंत गेला. जिवंत माणसांसाठी एका देशाने सुतक पाळले. ती माणसे जिवंत आहेत हे कळल्यावर राजवटीला दिलासा वाटला नाही, तिची पंचाईत झाली. ३ जानेवारी १९६२ रोजी राष्ट्रीय सभेत गोव्यावर सालाझार यांचे भाषण व्हायचे होते. त्यांचा आवाज बसल्यामुळे ते दुसऱ्याने वाचून दाखवले.

इकडे गोव्यात कैद्यांची व्यवस्था प्रथम आल्पार्केइरोस, नावेली, आग्वाद आणि फोंडा अशा ठिकाणी करण्यात आली. सुरुवातीचे दिवस हालाचे गेले. सिमेंटच्या उघड्या जमिनीवर झोपणे आणि अंगमेहनतीची कामे यांचा अनुभव त्यांतील अनेकांनी नमूद केला आहे. इतक्या झटपट इतके कैदी हाती येतील याची तयारी भारतीय सेनेनेही केलेली नसावी. पोर्तुगीज स्त्रिया व नागरिक यांना, त्यांत गव्हर्नरांच्या पत्नीही होत्या, डिसेंबर संपण्यापूर्वी मुंबईमार्गे मायदेशी पाठवण्यात आले. सुमारे ३,३०० पोर्तुगीज सैनिक आणि स्वतः व्हासालो इ सिल्व्हा मागे राहिले. जानेवारीत त्यांतील बहुतेकांना फोंड्याच्या नव्या छावणीत हलवले आणि तेथे परिस्थिती बरीच सुधारली.

भारताने १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराला १९५० सालीच मान्यता दिली होती. पोर्तुगालने ती मार्च १९६१ मध्ये, म्हणजे गोव्याच्या लढाईआधी अवघे नऊ महिने दिली. म्हणून हे कैदी दोन्ही बाजूंनी कराराच्या छत्राखाली होते. छत्र असले म्हणजे त्याखाली कोणी भिजत नाही असे नव्हे. १९ मार्च १९६२ रोजी काही कैद्यांनी कचरा नेणाऱ्या ट्रकमधून पळण्याचा प्रयत्न केला. तो फसला. त्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांना कोर्ट मार्शलची आणि देहदंडाची धमकी देण्यात आली. वास्तविक पळून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून कैद्याला शिस्तभंगापलीकडची शिक्षा देता येत नाही, असे कराराचे ९२वे कलम स्पष्ट सांगते. फेरेइरा द सिल्व्हा नावाच्या एका जेझुइट लष्करी धर्मगुरूच्या मध्यस्थीने तो प्रसंग टळला. याच प्रकरणात कॅप्टन कार्लोस द आझेरेदो यांनी छावणीच्या एका भारतीय अधिकाऱ्याला उद्धट उत्तर दिले, तेव्हा बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांना बेशुद्ध पडेपर्यंत मारहाण झाली. त्या भारतीय अधिकाऱ्याला नंतर भारतीय सेनेनेच शिक्षा केली. गोवामुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकाला हा तपशील रुचणार नाही. पण तो सोडून दिला तर सेनेने आपल्याच अधिकाऱ्याला शासन केले हा दुसरा अर्धा भागही सोडावा लागेल, आणि तो लहान नाही.

जिनिव्हा करारानुसार प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडले पाहिजे. गोव्यातील लढाई दोन दिवसांत थांबली आणि सुटकेला पाच महिने लागले. दोष कोणाचा? दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ पासूनच तुटलेले होते. सालाझार यांनी मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना, बहुतांशी गुजराती व्यापाऱ्यांना, स्थानबद्ध केले होते, त्यांच्या मालमत्तांवर टाच आणली होती आणि या लोकांचा प्रश्न त्यांनी कैद्यांच्या सुटकेशी जोडला. पिढ्यान्‌पिढ्या लोरेन्सो मार्केस आणि बेइरा येथे दुकाने चालवणारी माणसे अशा रीतीने एका दूरच्या लढाईचे ओलीस ठरली. कैद्यांना कोणत्या मार्गाने, कोणाच्या वाहनाने न्यावे यावरही घोळ चालू राहिला. लिस्बनलाच आपली घाई नाही, अशी फोंड्यातील अनेक कैद्यांची समजूत झाली आणि पुढे जे घडले ते पाहता ती निराधार नव्हती.

येथे या मासिकाच्या वाचकांना एक जुना प्रसंग सहज आठवेल. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ साली, बद्रच्या लढाईत मक्केचे सुमारे सत्तर लोक मदिनेत कैद झाले. कुरैशांनी आधी असा निर्णय केला की कैद्यांच्या मुक्तीची घाई करायची नाही, नाही तर मुसलमान खंडणीचा आकडा वाढवतील. निर्णय व्यवहारदृष्ट्या शहाणपणाचा होता. पण इब्न इसहाकच्या वृत्तान्तात पुढे येते की मुत्तलिब इब्न अबी वदाअ या तरुणाने वरकरणी होकार भरला आणि रात्रीच मक्केतून निसटून चार हजार दिरहम भरून आपल्या बापाला सोडवून आणले. मग बाकीच्यांनाही धीर धरवेना. राज्याचा हिशेब आणि घराचा हिशेब हे वेगळे असतात, हे त्या मक्केत जितके खरे होते तितकेच १९६२ च्या पोर्तुगालमधल्या खेड्यांत खरे होते. फरक इतकाच की तेथल्या बापाला रात्रीतून फोंड्याला येणे शक्य नव्हते.

बद्रच्या ज्या कैद्यांजवळ खंडणी नव्हती पण अक्षरओळख होती, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवून सुटका मिळवली, ही गोष्ट शिक्षणसंस्थांच्या समारंभांतून नेहमी सांगितली जाते. अबू अझीझ इब्न उमैर या कैद्याने पुढे सांगितलेली आठवण मात्र क्वचितच सांगितली जाते. आपल्याला पकडणारे लोक भाकरी आपल्याला देत आणि स्वतः खजुरावर भागवत. लाज वाटून भाकरी परत केली तरी ते तिला हात लावत नसत, असे तो म्हणे. हे झाले पकडणाऱ्यांच्या वागणुकीविषयी. पकडल्या गेलेल्यांच्या स्वकीयांनी काय करावे याविषयीही इस्लामी परंपरेत स्पष्टता आहे. कैद्याला सोडवा, भुकेल्याला जेवू घाला, आजाऱ्याची विचारपूस करा, अशी आज्ञा हदीसमध्ये एकत्रच येते. बंदिवानाची सुटका हे फुकहांनी साऱ्या समाजावरचे कर्तव्य मानले. कैदी झाल्याबद्दल त्याला दोष द्यावा असे कोठेही म्हटलेले नाही.

शास्त्र आणि राज्यव्यवहार यांत मात्र अंतर पडतेच. अब्बासी खिलाफत आणि बायझंटाइन साम्राज्य यांच्यात आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागातील लामूस नदीवर कैद्यांची अदलाबदल होत असे. एका पुलावरून एक मुसलमान इकडे येई, दुसऱ्यावरून एक ख्रिस्ती तिकडे जाई. इ.स. ८४५ साली खलिफा वासिकच्या काळात अशी जी मोठी अदलाबदल झाली, तीत चार हजारांहून अधिक मुसलमान कैदी परतले. तेव्हा दरबारात 'कुरआन निर्मित आहे' हे मत सक्तीचे होते. काझी अहमद इब्न अबी दुआदची माणसे नदीकाठी बसवून प्रत्येक कैद्याला ते मत मान्य आहे का असे विचारण्यात आले आणि नाही म्हणणाऱ्याची सुटका नाकारण्यात आली. तबरीने हा वृत्तान्त दिला आहे. वर्षानुवर्षे परक्या तुरुंगात काढून आलेल्या माणसाला मायदेशाच्या उंबऱ्यावर परीक्षा द्यावी लागली. सालाझार हे काही या बाबतीतले पहिले नव्हेत.

मे १९६२ मध्ये फोंड्याचे कैदी सुटले. भाड्याच्या फ्रेंच विमानांनी त्यांना गोव्याहून कराचीला नेले आणि तेथून 'व्हेरा क्रूझ', 'पात्रिया' आणि 'मोसांबिक' या तीन बोटी त्यांना घेऊन लिस्बनला निघाल्या. तेजो नदीच्या मुखाशी बोटी लागल्या तेव्हा धक्क्यावर आईबाप, बायका, भावंडे जमली होती. त्यांना जवळ जाऊ देण्यात आले नाही. लष्करी पोलिसांनी बंदुकीच्या पहाऱ्यात या सैनिकांना उतरवून घेतले आणि चौकशीसाठी नेले. भारतीय पहाऱ्यातून सुटलेली माणसे आपल्याच देशाच्या पहाऱ्यात दाखल झाली.

चौकशी महिनोन्‌महिने चालली. शरण न जाण्याचा स्पष्ट आदेश असताना तो मोडला, हा मुख्य आरोप. २२ मार्च १९६३ रोजी मंत्रिमंडळाने निकाल दिला. गव्हर्नर जनरल, लष्करी प्रमुख, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ, आरमाराचे एक कप्तान, सहा मेजर, एक कनिष्ठ अधिकारी आणि एक सार्जंट यांना भ्याडपणाच्या कारणावरून सेनेतून काढून टाकण्यात आले. आणखी नऊ अधिकाऱ्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केले. हा निर्णय मंत्रिमंडळाने केला ही गोष्ट महत्त्वाची आहे. अपुरे सैन्य, अपुरा दारूगोळा आणि आठ दिवसांचे अशक्य वेळापत्रक या साऱ्याला जे मंत्रिमंडळ जबाबदार होते, तेच न्यायाधीशाच्या आसनावर बसले होते. सार्जंटपर्यंत उतरलेला हा दोष वर एकाही मंत्र्यापर्यंत चढला नाही.

मेलेल्यांच्या बाबतीत राजवट उदार होती. दीवला 'व्हेगा' या लहानशा गस्ती नौकेवर भारतीय विमानांच्या माऱ्यात कोवळ्या वयाचे लेफ्टनंट ऑलिव्हेइरा इ कार्मो मारले गेले. त्यांना मरणोत्तर मोठा सन्मान मिळाला. ते शौर्याने लढले यात शंका नाही आणि त्यांच्या सन्मानाबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. पण एका मृताची प्रतिमा उभी करून तिच्या सावलीत ३,३०० जिवंत माणसांना उभे केले गेले. गावात परतल्यावर 'तू कसा वाचलास' हा प्रश्न त्यांना चुकला नाही.

कैदी म्हणजे देशद्रोही ही कल्पना विसाव्या शतकात अनेक राजवटींनी राबवली. सोव्हिएत संघात ऑगस्ट १९४१ मधील २७० क्रमांकाच्या आदेशाने शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांनाही अटकेस पात्र ठरवले, आणि जर्मन छावण्यांतून जिवंत परतलेल्यांना आधी चौकशीच्या छावण्यांतून जावे लागले. भारतीयांचा स्वतःचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा सुमारे ४५ हजार भारतीय सैनिक जपानच्या हाती गेले. त्यांतील अनेक जण आझाद हिंद सेनेत गेले, तर जे गेले नाहीत त्यांतल्या हजारोंना न्यू गिनी, न्यू ब्रिटनसारख्या बेटांवर मजुरीला जुंपण्यात आले आणि त्यांतले पुष्कळ तेथेच मेले. युद्धानंतर इंग्रज सरकारच्या लेखी पहिले राजद्रोही आणि दुसरे निष्ठावंत. जनतेच्या लेखी पहिले वीर, आणि दुसरे जणू नव्हतेच. लाल किल्ल्यातील खटल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांची जन्मठेप रद्द झाली. कॅप्टन अब्दुल रशीद यांना फेब्रुवारी १९४६ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कलकत्त्यात हिंदू-मुसलमान विद्यार्थी एकत्र रस्त्यावर उतरले. स्वातंत्र्यानंतर मात्र आझाद हिंदच्या सैनिकांना भारतीय सेनेत परत घेतले गेले नाही. गोव्याच्या सीमेलगत सावंतवाडी संस्थानातून आलेले जगन्नाथराव भोसले यांना केंद्रात उपमंत्रिपद मिळाले आणि शालेय शिस्तीची राष्ट्रीय योजना त्यांनी चालवली. सेनेचा गणवेश त्यांच्या अंगावर पुन्हा चढला नाही.

फोंड्याची छावणी रिकामी होऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तोच भारतीय सैनिक चीनचे कैदी झाले. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२च्या युद्धात सुमारे चार हजार भारतीय पकडले गेले. नामका चू नदीवरच्या सातव्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी २२ ऑक्टोबरला चिन्यांच्या हाती लागले आणि मे १९६३ मध्ये सुटले. अपुरे कपडे, अपुरा दारूगोळा, दिल्लीतून आखलेल्या अशक्य योजना हा त्यांच्या पराभवाचा तपशील वाचताना गोव्यातील पोर्तुगीज फौजेची आठवण आल्यावाचून राहत नाही. परतल्यावर कैद्यांना रांचीला नेऊन त्यांची तपासणी करण्यात आली. शत्रूने त्यांचे मत फिरवले आहे की काय, हे पाहायचे होते. दळवींनी 'हिमालयन ब्लंडर' या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या संशयाबद्दलचा संताप लपवलेला नाही. चीनच्या मैत्रीची भूल सरकारलाच पडली होती, मग संशय सैनिकांवर का, असा त्यांचा रोख आहे. त्या पुस्तकावरही काही काळ बंदी आली. एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. भारतात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि कैद्यांना भ्याड ठरवून सरसकट बडतर्फ केले गेले नाही. लोकशाही आणि हुकूमशाही यांतला तो फरक म्हणता येईल, पण त्यावर फार फुशारकी मारण्याजोगी रांचीची गोष्ट नाही.

फोंड्याच्या कैद्यांची कथा मोहन रानडे यांच्या उल्लेखाशिवाय अपुरी राहील. आझाद गोमंतक दलाचे रानडे १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पोर्तुगीजांनी त्यांना युद्धकैदी मानले नाही. गुन्हेगार म्हणून त्यांना २६ वर्षांची शिक्षा दिली आणि पुढे पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात ठेवले. गोवा मुक्त झाला तेव्हा ते तेथेच होते. मे १९६२ मध्ये ३,३०० पोर्तुगीज सैनिक घरी गेले तेव्हाही ते तेथेच होते. त्या सैनिकांच्या मोबदल्यात ते सुटले नाहीत, एवढे खरे. त्यांच्या सुटकेसाठी पुढे सुधीर फडके यांच्यासारख्या मंडळींना महाराष्ट्रात चळवळ उभारावी लागली, अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला आणि जानेवारी १९६९ मध्ये, मुक्तीनंतर सात वर्षांनी, रानडे बाहेर आले. ज्या भूमीसाठी माणूस तुरुंगात गेला तिला स्वतंत्र झाल्यावर त्याला परत आणायला सात वर्षे लागली. लिस्बनला नावे ठेवताना हा हिशेबही शेजारी मांडून ठेवावा लागतो.

गोव्यातील कैद्यांच्या शिक्षेचा परिणाम सालाझार यांना अपेक्षित होता तो झाला नाही. अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथे एकाच वेळी लढणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी १९६३च्या निकालाचा एक सरळ अर्थ घेतला. राजकारण्यांनी हरवलेल्या युद्धाचा दोष सैनिकाच्या माथी मारला जाणार, हा तो अर्थ. १९७२ साली गिनीत जनरल स्पिनोला यांना वाटाघाटींचा मार्ग खुला दिसत होता. सालाझार यांच्यानंतर आलेले पंतप्रधान मार्सेलो कायतानो यांनी तो नाकारला. बंडखोरांशी तडजोड करण्यापेक्षा गिनीत लष्करी पराभव पत्करलेला बरा, असे त्यांचे म्हणणे पडले. ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कानात गोव्याची तार पुन्हा वाजली असल्यास नवल नाही. पराभव आपला आणि इभ्रत त्यांची, ही वाटणी त्यांना पाठ झाली होती. २५ एप्रिल १९७४ रोजी अशाच मधल्या फळीतील अधिकाऱ्यांनी लिस्बनची राजवट उलथली. फोंड्यात बंदुकीचे दस्ते खाल्लेले कार्लोस द आझेरेदो त्या दिवशी पोर्तो शहरात उठावाच्या बाजूने उभे होते. पुढे ते जनरल झाले आणि राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरेस यांच्या लष्करी कार्यालयाचे प्रमुखही झाले. क्रांतीमागे आफ्रिकेतील तेरा वर्षांची युद्धे, महागाई, पदोन्नतीच्या तक्रारी अशी बरीच कारणे होती. सगळे श्रेय गोव्याला देणे इतिहासाला धरून होणार नाही. तरी त्या अधिकाऱ्यांच्या मनात जी धास्ती होती तिचे नाव गोवा होते.

नव्या सरकारने १९७४च्या अखेरीस गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्याच वर्षी व्हासालो इ सिल्व्हा यांना त्यांचा लष्करी हुद्दा परत मिळाला. तेव्हा ते पंचाहत्तरीला आले होते. १९८० साली ते पाहुणे म्हणून गोव्यात आले आणि लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. वास्तू आणि माणसे अकारण उद्ध्वस्त होऊ दिली नाहीत, ही त्यांची ओळख येथे टिकून होती. १९८५ साली ते वारले.

हुद्दे परत मिळाले ते अधिकाऱ्यांना. साध्या शिपायांचे हुद्दे गेलेच नव्हते, म्हणून त्यांना परत मिळण्यासारखेही काही नव्हते. युद्धकैदी राहिलेल्या सैनिकांना विशेष साहाय्य देण्याचा कायदा पोर्तुगालच्या संसदेने केला तो १९९८ साली. ज्या शिपायाने फोंड्यात बावीसाव्या वर्षी कचऱ्याचे ट्रक भरले होते, तो तोवर अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता.